कांद्याच्या गावात हायसिंथ

हायसिंथ या सुगंधी फुलाचा कंद हातात आला की नाशिकचा माणूस तो आधी अंगठ्याने दाबून पाहतो. मान बारीक आहे का, बूड कोरडं आहे का, पत्ती सुटलेली नाही ना. लासलगावच्या लिलावात काय किंवा दारावर आलेल्या हातगाडीवर काय, कांदा असाच पाहिला जातो, आणि हायसिंथची पारखही नेमकी हीच आहे. वजनाला जड, मानेपाशी घट्ट, बुडाला न दबणारा कंद चांगला. हलका लागला तर आतून सुकलाय, बुडाशी बोट रुतलं तर सडतोय. रंगाचा अंदाजसुद्धा कांद्यासारखाच वरच्या पापुद्र्यावरून येतो. जांभळट चकाकीचा पापुद्रा असेल तर फूल निळं, जांभळं, गुलाबी किंवा लाल निघतं. पांढरट, मळकट पापुद्र्यातून पांढरं नाहीतर पिवळं येतं.

एवढं साम्य असूनही दोघांचं कूळ एक नाही. कांदा-लसूण नर्गिसाच्या कुळातले, तर हायसिंथ शतावरीच्या. गंमत म्हणजे त्याच शतावरीच्या कुळात आपला निशिगंधही आहे. म्हणजे दिसायला कांद्याचा सख्खा आणि नात्याने निशिगंधाचा चुलत, असा हा परदेशी पाहुणा आहे.

नावाचा एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. नाशिकमध्ये हायसिंथ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गोदावरीवर पसरलेली पाणवेली येते, कारण जलपर्णीला इंग्रजीत ‘वॉटर हायसिंथ’ म्हणतात. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली तरंगती वनस्पती. तिला कंद नाही आणि या लेखातल्या फुलाशी तिचं काही नातंही नाही. फिकट जांभळा तुरा तेवढा दिसायला थोडा सारखा. ऑनलाइन कंद मागवताना नुसतं ‘हायसिंथ’ न लिहिता ‘हायसिंथस ओरिएंटॅलिस’ किंवा ‘डच हायसिंथ’ असं लिहावं, म्हणजे तळ्यात सोडायचं रोप घरी येत नाही.

मूळ हायसिंथ दक्षिण तुर्कस्तान, सीरियाचा वायव्य भाग आणि लेबनॉन इथल्या दगडगोट्यांच्या उतारांवरचा. तिथला हिवाळा ओला आणि गारठ्याचा, उन्हाळा कोरडा आणि तापलेला. या फुलाचं सगळं वागणं या एका वाक्यात आहे. तुर्कीत त्याला सुंबुल म्हणतात. फारसी आणि उर्दू शायरीत प्रेयसीच्या कुरळ्या बटांना सुंबुलाची उपमा देतात, ती याच्या पाकळ्यांच्या वळणावरून. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला आणि अठराव्या शतकात हॉलंडमधल्या हार्लेम गावाने त्याला डोक्यावर घेतलं. आज हाताशी येणाऱ्या जाती बहुतेक तिथल्याच. पिवळट ‘सिटी ऑफ हार्लेम’ १८९३ची, ‘पिंक पर्ल’ १९२२ची, निळी ‘डेल्फ्ट ब्लू’ १९४४ची. आपल्या देशात तो मोकळ्या जमिनीत फुललेला पाहायचा असेल तर श्रीनगरच्या ट्युलिप बागेत जावं. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी मार्चअखेरीस ट्युलिपच्या जोडीने त्याचेही वाफे भरतात. तिथे त्याला कोणी फ्रिजमध्ये ठेवत नाही. नाशिकमध्ये ठेवावं लागतं, आणि का ठेवावं लागतं हे कळलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

थंडी म्हटली की कांदा पिकवणाऱ्याला पहिली आठवण होते डेंगळ्यांची. कांद्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालेलं असताना काही आठवडे कडक गारठा लागला की त्याच्या पोटात फुलाचा दांडा तयार होतो आणि पोसायचा कांदा डेंगळ्यावर जातो. खाण्याच्या कांद्यात ते नुकसान. बियाण्यासाठी मात्र मुद्दाम हिवाळ्याच्या तोंडावर कांदे लावून तेच घडवून आणतात. कांद्यात थंडी फूल निर्माण करते. हायसिंथमध्ये ती ते करत नाही, आणि घरी लावणाऱ्यांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

हायसिंथचं फूल उन्हाळ्यात तयार होतं. पानं वाळून कंद जमिनीबाहेर निघाला की पंचवीस अंशांच्या आसपासच्या उबेत, कोरड्या अंधारात, त्याच्या पोटात आख्खा तुरा घडतो. ऑक्टोबरमध्ये विकत घेतलेला एखादा कंद उभा चिरून पाहा. एका कंदाचं नुकसान होईल, पण ते करण्यासारखं आहे. मधोमध बुडाला चिकटून एक इवलासा तुरा दिसतो, मोहरीच्या दाण्यांसारख्या कळ्या असलेला, पूर्ण. म्हणजे दुकानातून आपण फूलच आणतो, फक्त मिटलेलं. थंडीचं काम पुढचं. दांड्याला लांब होण्याची ताकद देणं आणि बुडाशी मुळं सुटू देणं.

म्हणून थंडी कमी पडली तर हायसिंथ ‘फुलत नाही’ असं होत नाही. तो फुलतो, पण बुडाशी. पानांच्या बेचक्यात अडकून, दोन-तीन बोटं उंचीवर, खालची फुलं उमललेली आणि वरची पिवळी पडलेली. कुंडीत असं चित्र दिसलं तर खताला दोष देऊ नये, मातीला देऊ नये. थंडीचे आठवडे कमी पडले, एवढाच त्याचा अर्थ. आणि तुरा मुळी आलाच नाही, किंवा आला तो कागदासारखा सुकलेला, तर कारण वेगळं आहे. पोटातली कळी आधीच मेलेली असते. ती का मरते ते पुढे येईल.

आता नाशिकची थंडी मोजू. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, हिवाळ्यातली रात्र दहा-बारा अंशांवर येणारी. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात झळकतो, तो तर कधी पाचाच्याही खाली जातो. हे आकडे पाहून वाटतं, एवढी थंडी हायसिंथला पुरे. पण कंद पहाटेचा किमान आकडा वाचत नाही. तो चोवीस तासांची बेरीज घेतो. नाशिकमध्ये डिसेंबरच्या दुपारीसुद्धा २७-२८ अंश होतात. रात्रीचा दहा आणि दुपारचा अठ्ठावीस मिळून कंदाच्या वाट्याला एकोणीस-वीसच आले. त्याला हवेत सलग दहा ते चौदा आठवडे, नऊ अंशांच्या आत. आपल्याकडची थंडीची लाट चार-सहा दिवसांची असते. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला लावणारी ती लाट हायसिंथच्या खात्यात जेमतेम जमा होते.

ओल्या वाळूचा माठ, गोणपाट, विहिरीजवळचा कोपरा हे उपायही पुरत नाहीत. कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो, पण दिवसा नऊ अंशांपर्यंत तो पोचत नाही. तेव्हा फ्रिजच.

फ्रिजमध्ये जागा कुठली, हे महत्त्वाचं. भाजीचा खालचा खण सहसा सात ते नऊ अंशांचा असतो आणि हायसिंथला तोच मानवतो. वरच्या कप्प्यात तीन-चार अंश असतात. तिथे थंडी मिळते, पण मुळं रेंगाळतात. जास्त गार म्हणजे जास्त लवकर, असं इथे नाही. थंड हवेचा झोत जिथून येतो त्या मागच्या भिंतीला कंद टेकवू नये. शून्याखाली गेला तर मधला तुरा पाणचट होतो आणि बाहेर काढल्यावर सडतो. साधा तापमापक खणात दोन दिवस ठेवून आधी आकडा पाहून घ्यावा. अंदाजावर दहा आठवडे घालवू नयेत.

आणि फळं. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. केळी पिकवताना आपण ज्याचा फायदा घेतो, तोच. कंदाच्या पोटातली कळी या वायूने मरते. वर म्हटलेला सुकलेला तुरा बहुतेक वेळा असाच येतो, आणि तीन महिने वाट पाहिल्यावर तो पाहणं फार जिवाला लागतं. सफरचंद, केळी, चिकू, पेरू, सीताफळ, टोमॅटो यांतलं काहीही कंदांबरोबर एका खणात नको. दसरा-दिवाळीच्या दिवसांत नाशिकच्या घरात सीताफळं असतातच. ती तेवढे दिवस बाहेर ठेवावीत. द्राक्षं मात्र फारशी त्रासदायक नाहीत. द्राक्ष वेलीवरच पिकतं, तोडल्यावर पिकत नाही आणि इथिलीनही अगदी थोडं सोडतं. तरी बंद पिशवीत, दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलं बरं.

याहूनही गंभीर गोष्ट एक. हायसिंथचा कंद विषारी आहे. भाजीच्या खणात तो कांद्यासारखा दिसतो आणि घरातलं कोणी घाईत तो चिरू शकतं. पोटात गेला तर उलट्या, जुलाब, पोटात कळा. कुत्र्यामांजरांनाही तेच. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘फुलांचे कंद, खायचे नाहीत’ असं लिहावं आणि स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगावं. नुसतं हाताळलं तरी काहींच्या बोटांना खाज सुटते, अळूच्या पानांनी सुटते तशीच आणि त्याच कारणाने. पापुद्र्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हातमोजे घालून काम करावं, डोळ्यांना हात लावू नये.

खरेदीबद्दल. कंदाचा आकार त्याच्या घेरावर ठरतो, सेंटिमीटरमध्ये: १४/१५, १६/१७, १८/१९ असे. कांद्यात जशी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढतात तशी ही प्रतवारी. कुंडीसाठी आणि काचपात्रासाठी १८/१९ किंवा त्याहून मोठा घ्यावा, त्यात तुरा भरगच्च येतो. वाफ्यासाठी मात्र १५/१६ उत्तम. मोठ्या कंदाचा जड तुरा वाऱ्याने आणि पाण्याने आडवा होतो. दुसरा प्रश्न विचारायचा तो ‘प्रिपेअर्ड’ आहे का. काही कंद उत्पादकाने उन्हाळ्यात ठरावीक उष्णता देऊन लवकर तयार केलेले असतात. त्यांना दहा आठवड्यांची थंडी पुरते. साध्या कंदाला बारा ते चौदा लागतात. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर साधा समजावा. थंडी आठवडाभर जास्त झाली तर बिघडत नाही, कमी झाली तर बिघडतं.

तारखांचा हिशेब इथेच करून ठेवावा, कारण नाशिकमध्ये सगळं यावर आहे. २० ऑक्टोबरला खणात गेलेला तयार कंद २९ डिसेंबरला दहा आठवडे पुरे करतो आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फुलतो. गारठा असतो, फूल टिकतं. त्याच दिवशी ठेवलेला साधा कंद तेरा आठवडे धरले तर १९ जानेवारीला बाहेर येतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, वसंत पंचमीच्या आगेमागे फुलतो. हेही छान. पण साधा कंद २० नोव्हेंबरला घरी आला तर तो फुलायला मार्च उजाडतो. दुपारी ऊन चटकायला लागलेलं असतं, दांडा लांब-लोळका होतो, फुलं चार दिवसांत माना टाकतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर साधे कंद घेऊच नयेत. तेव्हा ते स्वस्तात मिळतात, त्याचं कारण हेच.

थंडी द्यायच्या दोन पद्धती आहेत. एकीत कंद कोरडेच कागदी पिशवीत ठेवतात. पिशवीला भोकं, तळाशी मूठभर कोरडा भुसा. प्लॅस्टिक नको, आत घाम सुटतो आणि निळी बुरशी येते. कांदाचाळीचं जे तत्त्व तेच इथे: खालून वर हवा खेळली पाहिजे, कांदा कांद्याला घासून कोंडला जाता कामा नये. ही पद्धत सोपी आणि जागा वाचवणारी, पण मुळं वाढलेली नसतात. बाहेर काढून लावल्यावर ती फुटायला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर उबेने पानं-तुरा पुढे पळतो. मुळांशिवाय वर आलेला तुरा पाण्याला मुकतो.

दुसरी पद्धत म्हणजे कंद आधी कुंडीत लावून कुंडीच फ्रिजमध्ये ठेवणं. जागा असेल तर हीच करावी. तीन महिन्यांची थंडी आणि तीन महिन्यांची मुळं दोन्ही एकदम मिळतात. अख्खी मोठी कुंडी खणात मावत नाही, म्हणून प्रत्येक कंद दहा सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकच्या नर्सरी कुंडीत एकेकटा लावावा. नंतर सारख्या उंचीचे कोंब निवडून तीन-तीन कंद, मातीचा गोळा न फोडता, एका पसरट कुंडीत बसवावेत. यात आणखी एक फायदा. एकाच कुंडीत सुरुवातीपासून लावलेले तीन कंद क्वचितच एकदम फुलतात, आणि एक सुकलेला, एक फुललेला, एक कळीतला अशी कुंडी डोळ्यांना बोचते.

माती. नाशिकची काळी माती कांद्याला चालते, या कंदाला कुंडीत चालत नाही. ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि भेग मुळं तोडते. दोन भाग पोयटा, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत. मूठ दाबली तर गोळा व्हावा, बोट लावताच फुटावा. शेणखत कच्चं असेल तर मुळीच घालू नये, त्याच्या उष्णतेने बूड सडतं. खरं तर या पहिल्या हंगामापुरतं खत लागतही नाही, कंद आपली शिदोरी घेऊनच आलेला असतो. रासायनिक खत तर अजिबात नको. पानं माजतात, तुरा मागे पडतो.

लावण्याआधी मानेवरचे सुटे पापुद्रे काढावेत, घट्ट असलेले ओढू नयेत. पापुद्र्यावर थोडी निळसर बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसावी. बूड टणक असेल तर कंद चांगला आहे. शंका असेल तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत वाळवावा. कुंडीत बूड खाली, मान वर, आणि मानेचं टोक मातीच्या वर डोकावेल इतकंच खोल लावायचं. कंद फिरवत मातीत दाबू नये. खालची माती आवळली जाते आणि मुळं आत शिरण्याऐवजी कंदालाच वर उचलतात. माती सैल भरावी, कंद ठेवावा, भोवती माती ओतून बोटांनी हलकं दाबावं. एकदा पाणी द्यावं, पूर्ण निथळू द्यावं, मग खणात. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी वजन पाहायचं. कुंडी हलकी लागली तर तीन-चार चमचे पाणी, कडेने. आजकालच्या बर्फ न साठणाऱ्या फ्रिजची हवा फार कोरडी असते, म्हणून हे विसरू नये. पण ओल दिसली तर पाणी नको. सडण्याची कारणं शोधू गेलं तर दहात नऊ वेळा पाणीच निघतं.

बाहेर काढायची वेळ फक्त कॅलेंडरवरून ठरवू नये. आठवडे पुरे झाले, कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं दिसू लागली आणि कोंब चार-पाच सेंटिमीटर वर आला, या तिन्ही गोष्टी जुळाव्यात. कोंबाच्या बुडाशी हलकं चाचपलं की आत तुऱ्याचा फुगवटा लागतो. तो मानेच्या वर आलेला असला पाहिजे, अजून कंदातच असेल तर आणखी आठवडाभर थांबावं.

फ्रिजमधून निघालेला कोंब फिका, पिवळट असतो. त्याला थेट गच्चीवर नेलं तर दोन दिवसांत करपतो. पहिले पाच-सहा दिवस घरातली सगळ्यांत गार, अर्धवट उजेडाची जागा. उत्तरेकडच्या खोलीची फरशी, जिन्याखालचा कोपरा, न्हाणीघराची खिडकी. नाशिकमध्ये या टप्प्याला एक युक्ती फार उपयोगी पडते. हायसिंथची कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या पोकळीत वाळू भरून ती ओली ठेवावी. थंडी भरून काढायला जो माठ पुरला नव्हता, तो मुळं गार ठेवायला अगदी पुरतो. दुपारची ऊब वर लागते, खाली लागत नाही, आणि तुरा घाई न करता वर येतो. कोंब हिरवा झाला की सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, दुपारचं नाही. कुंडी रोज पाव फेरा फिरवावी, नाहीतर दांडा खिडकीकडे वाकतो.

दांडा अडतोय, पानं पसरतात पण तुरा आतच बसलाय असं वाटलं तर अजून एक उपाय हाताशी असतो. वर्तमानपत्राची शंकूसारखी उंच टोपी करून कुंडीवर पाच-सात दिवस घालायची. अंधारात दांडा उजेडाकडे ताणला जातो आणि थोडी कसर भरून निघते. सगळी निघत नाही. जड तुऱ्याला आधार द्यायचा तर खराट्याचा हीर कंदाच्या कडेने मातीत खोचून सैल दोऱ्याने बांधावा. हीर कंदातून आरपार जाऊ नये.

कधीकधी छान वाढत असलेला अख्खा तुरा बुडाशीच तुटून हातात येतो, जणू कंदाने थुंकून टाकला. डच लोक त्याला नेमकं तेच म्हणतात. मुळांनी भराभर पाणी वर ढकललं आणि कोवळा दांडा तो ताण सोसू शकला नाही की असं होतं. खूप गारव्यातून एकदम उबेत आणि एकदम भरपूर पाण्यात नेल्यावर हे जास्त घडतं. तुटलेला तुरा फेकू नये. फुलपात्रात पाण्यात उभा केला की आठवडाभर फुलतो.

सडलेल्या कंदाचा वास मात्र ओळखून ठेवावा. कुजलेल्या कांद्यासारखाच, उग्र. पानं ओढली की अलगद निघून येतात आणि बुडाशी चिकट पाणी असतं. ही जिवाणूंची सड, औषधाने बरी होत नाही. कंद मातीसकट काढून टाकावा आणि ती माती पुन्हा कंदांना वापरू नये.

काचेच्या पात्रात, नुसत्या पाण्यावर वाढवायची पद्धत अठराव्या शतकापासूनची आहे. पात्राला कंबर हवी, वर कंद बसेल अशी वाटी आणि खाली पाणी. पाण्याची पातळी बुडाच्या खाली बोटाच्या पेरावर थांबवावी, बूड पाण्याला टेकलं की सडलं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरावं, पात्रात लाकडी कोळशाचा एक तुकडा टाकावा, आठवड्याला पाणी बदलावं. मुळं पांढऱ्या जटांसारखी उतरताना पाहणं हाच यातला खरा आनंद. नाशिकमध्ये मात्र पात्र सरळ टेबलावर ठेवून चालत नाही. तेही दहा आठवडे फ्रिजच्याच गारव्यात काढायचं, नाहीतर थंडी देऊन झालेला कोरडा कंद त्यात बसवायचा.

अंगणातल्या वाफ्यात लावायचे असतील तर थंडी संपवून, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावावेत. वाफा गादीसारखा उंच, आणि काळ्या मातीत निम्मी वाळू-पोयटा मिसळलेला. बूड दहा-बारा सेंटिमीटर खोल जाईल असं लावावं, दोन कंदांत हाताची वीत ठेवावी. कुंडीत मान उघडी ठेवायची आणि जमिनीत गाडायची, हा फरक का? जमिनीत खोलवर माती दुपारीही गार राहते, आणि आपल्याला तीच हवी आहे. वरून भाताच्या तुसाचं किंवा वाळलेल्या पाल्याचं आच्छादन दोन बोटं जाड. भिंतीच्या पूर्वेकडची जागा सर्वांत उत्तम, पश्चिमेची टाळावी.

आणि मग वास. चांगल्या कंदाच्या तुऱ्यावर तीस-चाळीस फुलं असतात आणि एक कुंडी अख्खी खोली भरते. तो निशिगंधासारखा गोड-मऊ नाही, मोगऱ्यासारखा स्वच्छ नाही. त्यात हिरव्या, नुकत्या खुडलेल्या पाल्याचा ओला तजेला आहे आणि त्यामागे मधाचा जडपणा. त्या हिरव्या छटेमागे फिनाइल-ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन आहे. अत्तरवाले त्याला हायसिंथिन असंही म्हणतात. गार खोलीत हा वास संयमाने येतो, उबेत अंगावर येतो, बंद शयनगृहात तर डोकं धरू शकतं. रात्री कुंडी व्हरांड्यात ठेवावी. वासाला ते बरं आणि फुलालाही बरं: पंधरा अंशांत जो तुरा दोन आठवडे टिकतो, तो पंचवीस अंशांत आठवड्यातच संपतो. दिवसा पाहुण्यांसमोर, रात्री बाहेर, असं केलं तर नाशिकच्या जानेवारीत तो दहा-बारा दिवस सहज चालतो.

तुरा वाळला की दांडा कापावा, पानं ठेवावीत, हे सगळीकडे सांगतात. थंड प्रदेशात ते बरोबरच आहे, पानं पुढच्या वर्षाचा कंद पोसतात. इथे मार्चचं ऊन पानांना तेवढा वेळ देत नाही. ती पिवळी पडतात, कंद हलका होतो, त्याची दोन-तीन शकलं होतात, आणि पुढच्या वर्षी थंडी दिली तरी मोजकी पाच-सात फुलं येतात. ज्याला ती विरळ डहाळी आवडते त्याने जरूर ठेवावी, मूळ रानातला हायसिंथ तसाच विरळ असतो. पण भरगच्च तुरा हवा असेल तर नाशिकमध्ये दरवर्षी नवा कंद आणणं हेच खरं. हॉलंडमध्ये कंदाचं बूड चाकूने कोरून त्याच्या कडांवर वीस-तीस-चाळीस पिल्लं उठवतात आणि ती विकण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं जातात. आपण दहा दिवसांत संपवतो त्या फुलामागे कोणाची तरी एवढी वर्षं गेलेली असतात, म्हणून तारखांचा आणि थंडीचा हिशेब चुकवू नये असं मनापासून वाटतं.

गुढीपाडव्याच्या सुमारास कुंडी रिकामी होते. माती निरोगी असेल तर ती उन्हात चार दिवस पसरावी, थोडं शेणखत मिसळावं आणि एप्रिल-मेमध्ये त्यात निशिगंधाचे कंद लावावेत. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे, पाच सेंटिमीटर खोल, वासासाठी एकेरी पाकळीचेच. दुहेरी दिसायला भरदार असतात, पण वासात मागे पडतात. सूत्रकृमींचा त्रास असलेल्या मातीत ‘शृंगार’ ही जात घ्यावी, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेली. याला फ्रिज लागत नाही, तारखांचं गणित लागत नाही. उन्हात ठेवावं, पाणी साचू देऊ नये, एवढंच. ऐंशी ते शंभर दिवसांत, श्रावणात नाहीतर गणपतीच्या सुमारास, त्याच कुंडीतून उंच दांडा वर येतो आणि खालच्या कळीपासून एकेक उमलत जातो.